तय्यबअलींची मुले आणि लंडनची सनद

1897 च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अडकलेल्या लोकमान्य टिळकांना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. त्याआधी तो नाकारला गेला होता. ही हकीकत आम्ही सभासंमेलनांतून अभिमानाने सांगतो. हा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोहोचला कसा, हे मात्र आम्ही सहसा विचारत नाही.

बद्रुद्दीन यांचा जन्म 1844 चा. वडील मुल्ला तय्यबअली हे खंबायतकडच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले, मुंबईत व्यापार करणारे. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बुडवणे असे मानणारे लोक भोवती असताना या गृहस्थांनी आपल्या सातही मुलांना युरोपात धाडले. आम्हांला या साऱ्या कथेत हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो. थोरल्या मुलांपैकी कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हिंदी माणसांत ते पहिलेच. त्यांचे पाहून बद्रुद्दीन यांनी बॅरिस्टर व्हायचे ठरवले. मदरशात उर्दू-फारसी आणि मग एल्फिन्स्टन, एवढी तालीम घेऊन हा मुलगा 1860 मध्ये परदेशी गेला. डोळ्यांचे दुखणे तेव्हापासूनच होते. सुएझचा कालवा व्हायला अजून नऊ वर्षे होती.

विलायतच का, हेही समजून घेतले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालय 1862 मध्ये सुरू झाले. शहरातले मोठे दावे ज्या मूळ शाखेत थेट दाखल होत, तिथे बॅरिस्टरांचे राज्य होते. देशी वकिलांचे क्षेत्र अपिलाच्या शाखेचे. आणि बॅरिस्टरची सनद मिळे ती लंडनच्या चार 'इन्स'मध्येच. तिथली पद्धत आज गमतीची वाटेल. लेखी परीक्षा सक्तीची झाली 1872 मध्ये. पण ठरावीक सत्रे भरून, सर्वांबरोबर जेवणाच्या टेबलावर बसून हजेरी लावणे मात्र कुणालाच चुकत नसे. पुढे गांधीजींनी लिहून ठेवले आहे की, ते दारू घेत नसल्याने त्यांना आपल्या टेबलावर ओढण्यासाठी चढाओढ असे, कारण त्यांच्या वाटणीची दारू इतरांना मिळे!

बद्रुद्दीन मिडल टेंपलमध्ये शिकत होते. नजर इतकी खालावली की 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. असे परत आलेले किती जण पुन्हा जातात? ते वर्षभराने पुन्हा गेले आणि एप्रिल 1867 मध्ये सनद घेतली. मुंबई उच्च न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. दावा तयार करणारा सॉलिसिटर आणि तो न्यायालयात मांडणारा बॅरिस्टर, दोन्ही एकाच घरात झाले. 1895 मध्ये ते न्यायमूर्ती झाले.

पण सारेच बाप तय्यबअली नसतात, आणि असले तरी त्यांच्यापाशी व्यापाराचा पैसा नसतो. हे या भावांनी ओळखले असावे. 1874 मध्ये त्यांनी नाखुदा मुहम्मद अली रोगे आदी मंडळींसह अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. 1880 मध्ये तिची शाळा निघाली. म्हणजे लंडनहून आलेल्यांनी आधी पायाची शाळा काढली. ती नसती तर पुढच्या पिढीला लंडनचा विचारही सुचला नसता, असे आमचे मत आहे.

कोकणातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1980 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. आज अंजुमनच्या विधी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

आता वकिली करायला लंडनची सनद लागत नाही. 1976 च्या अखेरीनंतर बॅरिस्टर झालेल्याला केवळ त्या पदवीवर इथे वकील म्हणून नाव नोंदवता येत नाही. आमची मुले परदेशी जातात ती बहुधा एलएल.एम. साठी, आंतरराष्ट्रीय कायदा, मानवी हक्क, लवाद असे विषय घेऊन. त्यासाठी घर गहाण पडते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या अशा कर्जाचे व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना होती. 2022-23 पासून तीही बंद झाली. पदव्युत्तर वर्गातली एखादी हुशार मुलगी प्रवेशाचे पत्र हाती घेऊन आमच्याकडे येते आणि विचारते, पैसे कुठून आणू? तेव्हा आम्ही तिला तय्यबजींची गोष्ट सांगतो, आणि ती शांतपणे विचारते, "त्यांचे वडील व्यापारी होते ना?"