शेवाळाची साक्ष

दिवाळीच्या सुट्टीत आपली मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात. खरे किल्ले ज्या सह्याद्रीवर उभे आहेत, तो मात्र मातीचा नाही. भूमीच्या भेगांतून उसळून थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा आहे. या थरांच्या पायऱ्या दिसतात म्हणून शास्त्रज्ञ त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. हा काळा दगड किती जुना, यावर विद्वानांत पुष्कळ वर्षे वाद चालला. त्या वादात साक्षीला जे उभे राहिले, त्यांत एक अगदी क्षुद्र जीव होता. तो म्हणजे शेवाळ!

ज्याला हाड नाही, शिंपला नाही, जे उन्हाच्या एका तिरपीने सुकून जाते, ते कोट्यवधी वर्षे दगडात टिकेल कसे, असे कोणीही विचारील. गंमत अशी की, शेवाळाच्या काही जाती पाण्यातला चुना आपल्या अंगाभोवती साठवतात. शेवाळ कुजून जाते, चुन्याचे अंगरखे तेवढे मागे राहतात. गोड्या पाण्यातली ‘कारा’ नावाची वनस्पती अशीच आहे. तिचे फळासारखे इवलेसे अवयव मोहरीहूनही लहान असतात. पण पाच पेशींनी त्यांना असा सुबक पीळ घातलेला असतो की, भिंगाखाली पाहताच ओळख पटते.

लाव्हाचा एक थर निवला आणि दुसरा यायला अवकाश लागला, की मधल्या काळात तेथे तळी साचत. त्यांचा गाळ पुढे नव्या लाव्हाखाली गाडला गेला. मद्रासच्या सैन्यातला एक शस्त्रवैद्य, जे. जी. माल्कमसन, याने दख्खनच्या पूर्व कडेला अशा गाळातले जीवाश्म गोळा केले. त्यांतली कारा लंडनला सोवर्बी यांनी अभ्यासली आणि तिला माल्कमसनचेच नाव दिले. त्याचा निबंध १८४० साली छापला गेला. पुढे नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी त्या शहराच्या आसपासच्या गाळांतून फळे, बिया, किडे जमवले. रविवारी प्रवचन आणि इतर दिवशी दगड फोडणे, असा हा संसार होता!

वादाला खरे तोंड फुटले ते १९३४ साली. लखनौचे प्राध्यापक बिरबल साहनी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये रोखठोक सवाल टाकला: दख्खनचा लाव्हा क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या दिवसांतला, की त्यानंतरच्या तृतीयक काळातला? साहनींचा कौल तृतीयकाकडे होता. छिंदवाड्याकडच्या थरांत सापडलेली नीपा या ताडवर्गीय झाडाची फळे त्यांच्या हाताशी होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अनेकांना ते मान्य नव्हते.

अशा वेळी दक्षिणेतली मंडळी शेवाळ घेऊन पुढे आली. बंगळूरचे एल. रामराव आणि व्हिएन्नाचे युलियस पिया यांनी १९३६ साली त्रिचनापल्लीकडच्या खडकांतील शेवाळांवर ग्रंथ लिहिला. लगेच राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या काठी, दोन लाव्हांमधल्या गाळात उथळ उबदार समुद्रात वाढणारी शेवाळे मिळाली. निओमेरिस, ॲसिक्युलारिया हे त्यांचे वंश. पियांसारख्या जाणकाराने ती तपासली आणि कौल तृतीयकाच्या बाजूने पडला. १९३९ साली एस. आर. नारायणराव व के. श्रीपादराव यांनी तेथल्या कारांचाही अभ्यास प्रसिद्ध केला.

साहनींनी या विद्येसाठी लखनौला संस्था उभारली. जगभरच्या जीवाश्मांनी जडवलेली तिची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १० एप्रिलला साहनी गेले! त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी काम खांद्यावर घेतले. संस्थेची इमारत १९५३ साली उघडली. ती संस्था आजही उभी आहे.

मग जिंकले कोण? आज किरणोत्साराच्या मापनाने दख्खनचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरते. म्हणजे लाव्हा दोन्ही काळांच्या उंबरठ्यावरच वाहिला. काही थर अलीकडचे, काही पलीकडचे. राजमहेंद्रीच्या त्या गाळात २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरी सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा तो गाळ उंबरठ्याच्या अलीकडचा ठरला. शेवाळाने सांगितले ते खरेच होते. चूक झाली ती एका काठाची साक्ष सगळ्या पठाराला लावण्यात.

हाच धडा विंध्य पर्वताने अधिक कठोरपणे दिला. १९९८ साली डेहराडूनचे रफत आझमी यांनी जाहीर केले की, विंध्याच्या खालच्या थरांत कवचधारी प्राण्यांचे बारीक जीवाश्म आहेत, सबब हे खडक सुमारे ५४ कोटी वर्षांचेच असले पाहिजेत. इतर पुरावे तर खडक त्याहून कितीतरी जुने सांगत होते. मोठा गहजब झाला. कित्येकांनी तर हे जीवाश्मच नव्हेत, असे म्हटले. संशोधकाच्या आयुष्यात याहून जिव्हारी लागणारे काय असते?

स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि त्यांचे सहकारी यांनी नव्याने खडक गोळा केले. २००९ साली त्यांचा निर्वाळा आला: जीवाश्म खरे आहेत, मात्र आझमी म्हणतात त्याहून शंभर कोटी वर्षांनी अधिक जुने! प्राणी मात्र त्यांत नव्हते. २०१७ साली याच मंडळींनी चित्रकूटच्या खडकांत क्ष-किरणांनी पेशी न् पेशी पाहून सांगितले की, ही बहुधा तांबडी शेवाळे असून त्यांचे वय १६० कोटी वर्षे आहे. त्यावर अजून सर्वांचे एकमत नाही. पण हे खरे असेल तर तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या तांबड्या शेवाळाहून ही कित्येक कोटी वर्षांनी वडील ठरतात.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते नामकरण. चित्रकूट म्हणजे वनवासातल्या रामाचा मुक्काम. म्हणून एका शेवाळाचे नाव झाले ‘रामाथॅलस’. आणि दुसऱ्याचे ‘रफतआझमिया चित्रकूटेन्सिस’. ज्याचा निष्कर्ष खोडून काढला, त्याचेच नाव खोडणाऱ्यांनी आदराने दगडावर कोरले. मत चुकले म्हणून त्या माणसाने पाहिलेले खोटे ठरत नाही, एवढी जाण ज्या विद्येत आहे, ती विद्या आपल्या घरातल्या मुलांनी जरूर शिकावी.