शेंगतेलावरचं इंजिन: एका दाखल्याची दुरुस्ती

रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं आणि पुढे खनिज तेलवाल्यांनी ते बळकावलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आम्हीही ती वर्गात बरीच वर्षं सांगत आलो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला दाखला आवडला की तो मूळ कागद बघायला जात नाही, हा आमचा जुना दोष. उशिरा का होईना, कागद बघितला आणि गोष्ट वेगळीच निघाली.

1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवलं. 1912 मध्ये डिझेलनेच त्याची हकीकत सांगितली आहे. इंजिन बांधलं होतं खनिज तेलासाठी. काहीही बदल न करता ते शेंगतेलावर चाललं, आणि फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं. कल्पनाही त्याची नव्हे, फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, तेव्हा तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालावीत. हिशेब साम्राज्याचा होता. हवेच्या शुद्धतेचा त्यात विचार नव्हता.

बरं, चाललं तर मग अडलं कुठे? घाण्याचं तेल डिझेलपेक्षा दहापटीहून घट्ट. त्याचा बारीक फवारा उडत नाही, जळण अर्धवट राहतं, नोझलवर काजळी धरते. दीर्घकाळ चालवलं की इंजिन कुरकुरतं. यावर 1937 साली ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी पेटंट घेतलं: तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून पातळ एस्टर करायचं. 1938 मध्ये पामतेलाच्या अशा एस्टरवर ब्रुसेल्स ते लुव्हां बस धावली. पामतेल अर्थात काँगोचं, म्हणजे पुन्हा वसाहतच! आजचं बायोडिझेल ते हेच. इंजिन बदललं नाही, तेल बदललं.

आता धुराचं बघू. या एस्टरमध्ये वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळण अधिक पुरं होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2002 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. सोयाबीनचं बायोडिझेल 20 टक्के मिसळलं तर धुरातले कण 10 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 11 टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन 21 टक्के घटतात. मात्र नायट्रोजनची ऑक्साइडं 2 टक्के वाढतात. लिटरमागे ऊर्जाही एक-दोन टक्के कमी मिळते. हे आकडे जुन्या, अवजड गाड्यांच्या इंजिनांचे आहेत, हे विसरू नका. नव्या इंजिनांत धूर गाळणारी यंत्रणा असते, तिथे हा फरक पुष्कळच पुसट होतो.

आपल्याकडे 2009 च्या धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य धरलं. भिस्त मोगली एरंडावर होती. त्याचं बी अपेक्षेएवढं आलंच नाही, आणि 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य 5 टक्के झालं, तेही 2030 साठी.