विरजण संपलं तर? फांदीनं लावलेल्या दह्याचा इतिहास

घरातलं विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. तिथंही नसलं, तर आपल्याकडच्या कित्येक जणी कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून ठेवतात. असाच मार्ग काढणाऱ्या एका दूरच्या मुलखाचा इतिहास आज आपण बघू या. तो मुलूख म्हणजे युरोपातला बल्गेरिया.

तिथं मेंढीच्या दुधाचं दही लावायची जुनी रीत आहे. विरजण नसलं की दूध उकळायचं, सुमारे ४५ अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि त्यात ठरावीक झाडाची फांदी ठेवायची. भांडं उबेत राखलं की दही घट्ट लागायचं. तेच पुढचं विरजण.

१९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं जिनिव्हात आपल्या देशाचं दही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याला काडीच्या आकाराचा जिवाणू दिसला. पुढं त्याला बल्गेरियाचंच नाव मिळालं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तर असं दही खाल्ल्यानं आयुष्य वाढतं, असं मांडलं. ते काही सिद्ध झालं नाही, पण दह्याचं नाव जगभर झालं.

या दह्यात दोन जिवाणू नांदतात, एक काडीसारखा आणि दुसरा मण्यांच्या माळेसारखा. दोघं एकमेकांना लागणारं खाद्य पुरवतात, म्हणून एकट्यापेक्षा जोडीनं लवकर वाढतात. दुधातल्या साखरेचं ते आम्ल करतात आणि दूध घट्ट होतं.

मग फांदीचं काम काय? लिंबू पिळलं तरी दूध फाटतं, पण त्याला आपण दही म्हणत नाही. फांदीच्या रसानं दूध नुसतं फाटत होतं, की फांदीवरून जिवाणूच दुधात उतरत होते? बल्गेरियात चार भागांतून झाडांचे शेकडो नमुने गोळा करून ते निर्जंतुक दुधात ठेवले गेले. २००७ साली निष्कर्ष छापून आला. थोड्याच नमुन्यांत, पण दह्याचे तेच दोन्ही जिवाणू सापडले होते. त्यांनी लावलेलं दही चवीला आणि घट्टपणाला बाजारच्या विरजणाच्या दह्याइतकंच उतरलं. दह्याचे जिवाणू मुळात झाडांवरूनच आले असावेत, असं संशोधकांनी सुचवलं.

थोड्याच नमुन्यांत, हे ध्यानात ठेवू या. कोणतीही फांदी चालत नाही. अनोळखी झाडाचा पाला दुधात कधीच घालू नये. दूध उकळलेलं, भांडं स्वच्छ हवं. दह्याला घाण वास, बुरशी किंवा वेगळा रंग आला तर ते टाकून द्यावं.

ग्रिगोरोव्हच्या गावात आज दह्याचं संग्रहालय आहे. पण पहिली फांदी दुधात कुणी ठेवली, तिचं नाव कुठंच नाही. तिनं ते लिहिलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. आपल्या आज्या-सासवा दही कसं लावत, थंडीत भांडं कशात गुंडाळत, विरजण नसलं तर काय करत, हे आपण गटाच्या वहीत लिहून ठेवू या. सांगणारीचं नावही सोबत लिहू या.