अंताचा अधिकार : अमेरिकी सुपरहीरो-चित्रकथांतील मृत्यू आणि पुनरागमन

नोव्हेंबर १९६१ ही मुखपृष्ठ-तारीख असलेल्या ‘सुपरमॅन’च्या १४९ व्या अंकात सुपरमॅन मरण पावला. लेक्स लूथर हा त्याचा वैरी सुधारल्याचे सोंग घेऊन त्याचा विश्वास संपादन करतो आणि क्रिप्टोनाइटच्या किरणांनी त्याचा प्राण घेतो. कथेच्या अखेरीस नायक पुन्हा उठत नाही. खुन्यावर खटला चालतो आणि शोक हा शोकच राहतो. मात्र ही ‘काल्पनिक कथा’ आहे, म्हणजे मूळ कथामालिकेवर तिचा काही परिणाम होणार नाही, असे वाचकांना सांगितलेले होते. ती लिहिणारे जेरी सीगल हे सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. सीगल आणि चित्रकार जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरांच्या मोबदल्यात सुपरमॅनचे हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन केले होते. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु हक्क परत मिळाले नाहीत. आणि १९५९ च्या सुमारास सीगल त्याच पात्राच्या कथा मोबदला घेऊन लिहू लागले. स्वतः जन्माला घातलेल्या नायकाचा शेवट करण्याची मुभा त्यांना मिळाली, ती केवळ कल्पनेतल्या कल्पनेत.

या साहित्यप्रकारातील मृत्यू आणि पुनरागमन यांच्या आवर्तनाचे स्पष्टीकरण सामान्यतः धंदेवाईकपणाच्या आधारे केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्याही विक्रीसाठीच लिहिल्या जात, तरीही त्या संपत. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. वाचकांचा आग्रह व मोबदला यांचे दडपण त्यांच्यावर होते. तथापि मारणारा आणि जिवंत करणारा लेखक एकच होता. सुपरहीरो-चित्रकथेत हे ऐक्य आरंभापासूनच तुटलेले आहे. लेखक येतात आणि जातात, पात्र प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे राहते. त्यामुळे कथेचा अंत हा कथनाच्या रचनेचा भाग न उरता अधिकाराचा प्रश्न बनतो.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाची कालविषयक बाजू मांडली. मिथकातील नायकाची कथा आधीच घडून गेलेली असते. कादंबरीच्या नायकाचे पुढे काय होणार हे मात्र अज्ञात असते. सुपरमॅनला ही दोन्ही रूपे एकदम धारण करावी लागतात. त्याने केलेली प्रत्येक कृती त्याला मृत्यूच्या एक पाऊल जवळ नेईल, म्हणून त्याच्या कथांतून आधी आणि नंतर यांचा संबंधच धूसर केला जातो. एकोंचे हे विवेचन त्या काळातील कथांना अचूक लागू पडते; परंतु त्याच दशकात परिस्थिती पालटू लागली. मार्व्हलच्या चित्रकथांतून एका अंकातील घटनेचे परिणाम पुढच्या अंकांत दिसू लागले, जुन्या अंकांचे संदर्भ येऊ लागले आणि मागचे सारे लक्षात ठेवणारा वाचक घडू लागला. स्मरण करणाऱ्या वाचकापुढे कालहीन नायक टिकत नाही. त्याला घटना हव्या असतात, आणि सर्वांत निर्णायक घटना म्हणजे मृत्यू.

१९७३ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१ व्या अंकात, गेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी चितारलेल्या कथेत, नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. पुलावरून कोसळणाऱ्या ग्वेनला वाचवण्यासाठी नायकाने फेकलेले जाळे तिच्यापर्यंत पोचते, पण ती वाचत नाही; त्या झटक्यानेच तिची मान मोडल्याची सूचना चित्रचौकटीतील एका लहानशा ध्वनिशब्दातून मिळते. साहाय्याची कृतीच विनाशाला कारण व्हावी, हा शोकात्मिकेचा आशय येथे प्रकटला. पुढे तिची प्रतिकृती आणि समांतर विश्वातील तिचे रूप कथांतून अवतरले, पण त्या पुलावरची ग्वेन कायमची परतली नाही.

जीन ग्रे हिची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ‘एक्स-मेन’मधील ही नायिका फीनिक्स या वैश्विक शक्तीच्या उन्मादात एका वसलेल्या ग्रहाचा संहार घडवते. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार-सहलेखक जॉन बर्न यांनी तिची शक्ती हिरावली जाते असा शेवट योजला होता. एवढ्या संहाराला ते प्रायश्चित्त पुरेसे नाही, असा आक्षेप प्रमुख संपादक जिम शूटर यांनी घेतला. परिणामी १९८० च्या १३७ व्या अंकात जीन स्वतःचा अंत ओढवून घेते. लेखकांच्या इच्छेविरुद्ध आलेला हा शेवट अपराध आणि उत्तरदायित्व यांना एकत्र आणणारा ठरला. १९८६ मध्ये नव्या मासिकासाठी जीनची गरज भासली, तेव्हा मेलेली स्त्री जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली ती शक्ती होती, असा खुलासा करण्यात आला. खऱ्या जीनच्या माथी आता अपराध उरला नाही, पण त्याचबरोबर तिचे आत्मसमर्पणही तिचे राहिले नाही. पुनरागमनाची खरी किंमत येथे दिसते. परतणारे पात्र वाचकाला पुढची कथा देते आणि वाचून झालेल्या कथेचा अर्थ मात्र मागे जाऊन काढून घेते.

हा अधिकार वाचकाच्या हाती देण्याचा प्रयोग १९८८ मध्ये झाला. बॅटमनचा साहाय्यक असलेल्या दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे जेसन टॉडने, जगावे की मरावे, याचा कौल दूरध्वनीद्वारे घेण्यात आला. प्रत्येक फोनला ५० सेंट पडत. ५,३४३ कौल मृत्यूच्या बाजूने आणि ५,२७१ जीविताच्या बाजूने पडले. ७२ कौलांच्या फरकाने जेसन मेला. वाचकाच्या सहभागाचा हा गौरव वाटला, तरी येथे मोजली गेली ती माणसे नव्हती, पैसे भरून केलेले फोन होते. शिवाय हा निर्णयही बंधनकारक ठरला नाही. २००५ मध्ये जेसन टॉड परतला.

ज्या मृत्यूला सीगल यांनी १९६१ मध्ये कल्पनेत स्थान दिले, तो ३१ वर्षांनी मूळ मालिकेत घडला. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचा विवाह योजला गेला होता, पण दूरचित्रवाणीवरील आगामी मालिकेशी मेळ राखण्यासाठी तो लांबणीवर पडला. रिकाम्या झालेल्या जागी मृत्यूची कथा आली. अखेरच्या युद्धाच्या अंकांत पानावरील चौकटींची संख्या चारवरून तीन, तीनवरून दोन अशी घटत जाते आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीस आलेल्या ७५ व्या अंकात एका पानावर एकच चित्र उरते. अंताकडे जाणाऱ्या काळाची गती पृष्ठरचनेतूनच जाणवून देणारी ही योजना चित्रकथेच्या माध्यमाची उत्तम जाण दाखवते. परंतु या अंकाची एक आवृत्ती काळ्या पिशवीत बंद करून, शोकाच्या दंडपट्टीसह विकली गेली, आणि संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मोल पिशवी न उघडण्यातच होते. ज्यांनी ती जपली, त्यांनी हा मृत्यू त्या प्रतीतून वाचलाच नाही. १९९३ मध्ये सुपरमॅन परतला. विवाह १९९६ मध्ये झाला.

या अडचणीतून निघण्याचा एक वेगळा मार्ग ली फॉक यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या ‘फँटम’ या चित्रमालिकेत आहे. मुंबईहून १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे हा नायक मराठी वाचकांच्याही परिचयाचा आहे. लोक त्याला अमर समजतात, वस्तुतः पित्यामागून पुत्र तोच वेष धारण करतो. येथे व्यक्ती मरते आणि पद टिकते. मृत्यू नाकारण्याऐवजी परंपरेत सामावून घेतला जातो. तथापि हा मार्गही अर्ध्यावरच थांबतो, कारण मेलेले वीस फँटम भूतकाळातले आहेत आणि एकविसावा १९३६ पासून नायकपदी आहे.

मृत्यूनंतर पुनरागमन हमखास आहे, तर अशा मृत्यूला वाङ्मयीन अर्थ उरतो का, हा समीक्षेपुढचा प्रश्न आहे. मालिकेचा समग्र, आजवरचा वृत्तान्त हीच संहिता मानली, तर उत्तर नकारार्थी येते. कारण त्या वृत्तान्ताचा अंतिम शब्द नेहमीच मालकाचा असतो. परंतु १९८० ते १९८६ या काळात जीन ग्रे मेलेली होती. त्या वाचकांपुढे असलेली संहिता पूर्ण होती आणि तिच्यातील प्रायश्चित्तही खरे होते. नंतरचा खुलासा ही दुसऱ्या कर्त्यांनी, दुसऱ्या हेतूने लिहिलेली दुसरी संहिता आहे. पहिलीचा अर्थ लावताना दुसरीला प्रमाण मानण्याचे बंधन प्रकाशनसंस्थेवर असेल, समीक्षकावर नाही. या साहित्यप्रकाराचा इतिहास लिहिताना प्रत्येक मृत्यू त्याच्या प्रकाशनवर्षासह आणि त्या वर्षीच्या वाचकासह वाचला, तर सीगल यांची ‘काल्पनिक’ कथाही वेगळी दिसू लागते. मालिकेने जमेस न धरल्यामुळेच तिच्यातील मृत्यू मागे घेण्याची गरज पुढे कोणाला पडली नाही.