उपग्रह छत्री, घरावरील (साकोली परिसर)

भूस्थिर उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणीचे संकेत घरात घेण्यासाठी स्लॅबवर, भिंतीवर किंवा खांबावर बसवलेली अन्वस्त आकाराची तबकडी. विदर्भात तिला सर्रास ‘छत्री’ म्हणतात. ‘डिश’ हा शब्दही चालतो. साकोली (जि. भंडारा) हे राष्ट्रीय महामार्ग 53 वरील तालुक्याचे ठिकाण. कवेलूची घरे, टिनाची छपरे आणि नवे स्लॅब येथे शेजारी शेजारी दिसतात. छत्री कशी बसवायची, हे मुख्यतः छपरावरून ठरते.

इतिहास : 1975-76 मधील ‘साइट’ या उपग्रह शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावे होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र याच महामार्गावर पूर्वेला असलेल्या दुर्ग-रायपूर भागातील गावांत जाळीच्या, सुमारे 3 मीटर व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या. दूरदर्शनची मोफत सेवा (आजची डीडी फ्री डिश) डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली.

दिशा व कोन : साकोली सुमारे 21.1° उत्तर अक्षांश व 80° पूर्व रेखांशावर आहे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5° पूर्वेवर असल्याने येथून तो दक्षिणेपासून सुमारे 34° पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारे 61° उंच येतो. 83° पूर्वेच्या उपग्रहासाठी (टाटा प्ले) हेच आकडे सुमारे 8° व 65°, तर 95° पूर्वेसाठी (डिश टीव्ही) सुमारे 37° व 60° असे आहेत. या भागात चुंबकीय व खरी उत्तर जवळजवळ एकच असल्याने साधे होकायंत्र पुरते. ते टिनापासून व लोखंडी खांबापासून दूर धरून पाहावे.

घरगुती छत्री ‘ऑफसेट’ प्रकारची, म्हणजे संकेत मध्यासमोर नव्हे तर खालच्या बाजूला गोळा करणारी असते. उपग्रह 61° उंच असला तरी तबकडी त्याहून सुमारे 25° कमी कललेली, म्हणजे बरीच उभी दिसते. ती चुकीची बसली असे समजून मागे झुकवू नये. इतक्या उंच कोनामुळे झाडाचा अडथळाही थोडाच होतो : छत्रीपेक्षा 10 मीटर उंच शेंडा सुमारे साडेपाच मीटरपलीकडे असेल, तर जीसॅट-15 चा मार्ग मोकळा राहतो. झाडासाठी छत्री उंच चढवण्याची गरज क्वचितच पडते.

आधार : सेकंदाला 44 मीटर वेगाच्या वाऱ्यात 60 सें.मी. छत्रीवर सुमारे 40 किलोग्रॅमचा जोर येतो, 90 सें.मी. छत्रीवर त्याच्या सव्वादोन पट. म्हणून स्लॅब किंवा पक्क्या विटांची भिंत हाच योग्य आधार. टिनपत्र्याला खिळ्यांनी ठोकलेली किंवा बांबूला तारेने बांधलेली छत्री उन्हाळी वादळात टिकत नाही. घर कवेलूचे असेल, तर अंगणात सिमेंट काँक्रीटमध्ये गाडलेला लोखंडी पाइप उत्तम. पाइप ओळंब्यात हवा. तो कलला की कोनांचे सगळे आकडे चुकतात.

वीज व अर्थिंग : छत्री, पाइप व शिडी उघड्या विजेच्या तारांपासून इतक्या दूर हव्यात की आडव्या पडल्या तरी तारेला लागणार नाहीत. हा नियम सर्वांत महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अर्थिंगची तांब्याची तार किमान 16 चौ. मि.मी. असावी आणि ती घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडावी. वेगळा खड्डा करून तो सुटा ठेवू नये. छपराच्या कडेपासून 2 मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असलेल्या छत्रीला हे मानक सूट देते. पण कवेलूच्या घराची वळचण मुळातच खाली असते; तेथे ही सूट सहसा लागू पडत नाही. थेट पडणाऱ्या विजेपुढे एवढे अर्थिंग पुरेसे मानता येत नाही. आकाश गडगडू लागताच सेट टॉप बॉक्सचा प्लग व छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट डोक्यावर आला असेल, तर केबलला हात लावू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप परिसरातील विजांची सूचना देते.

केबल : बाहेरची केबल घरात शिरण्यापूर्वी खाली लोंबता वळसा ठेवावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकते. वळसा नसेल तर पाणी केबलवरून सरळ कनेक्टरमध्ये जाते. दोन पावसाळ्यांनंतर तो उघडला, तर आतले तांबे हिरवे पडलेले दिसते. केबलमधून 13 ते 18 व्होल्ट एलएनबीकडे (तबकडीसमोरच्या दांड्यावरील संकेतग्राहकाकडे) जातात. म्हणून जोडणी करताना बॉक्स बंद असावा.

चढणे : कवेलूवर पाय देऊ नये. टिनावर खालच्या लाकडाच्या किंवा अँगलच्या रेषेतच, फळी टाकून जावे. शिडी धरायला खाली दुसरा माणूस हवा.

सूर्यबाधा : मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात व ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आल्याने थोडी मिनिटे चित्र जाते.

परवानगी : भाड्याच्या घरात घरमालकाची संमती घ्यावी.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी बोल्ट, गंज व अर्थिंगची जोडणी तपासावी. मुसळधार पावसात केयू पट्ट्यातील (या छत्र्या घेतात त्या लहरींचे) संकेत क्षीण होऊन चित्र जाते. तो छत्रीतील बिघाड नव्हे. त्यासाठी ओल्या छपरावर चढू नये. पाऊस ओसरला की चित्र बहुधा आपोआप परत येते.