मुळशीचे पांढरे आभाळ

हाती नवा कॅमेरा आला की शिकाऊ माणसाचा पहिला तंटा आभाळाशी होतो. निदान माझा तरी झाला. भाद्रपदात मुळशीच्या धरणाकाठी उभे राहावे, तर ढगांच्या कडा, पाण्यावरचा उजेड आणि समोरच्या डोंगराच्या पोटातली काळपट झाडी हे सारे डोळ्यांना एकाच वेळी दिसते. कॅमेऱ्याला ते साधत नाही. झाडी धरावी तर आभाळ चुन्याच्या भिंतीसारखे पांढरे होते. आभाळ धरावे तर डोंगराचे डांबर होते.

हा तंटा फोटोग्राफीइतकाच जुना. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तीत होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला व हरिश्चंद्र चिंतामण तेथे शिकले. त्या पिढीचे रसायन निळ्या प्रकाशाला भलतेच हळवे असे. जमीन उमटेपर्यंत आभाळ पार करपून जाई.

यावर तोड काढली ती फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी, १८५७ च्या सुमारास. समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि दोहोंची क्षितिजावर सांधेजोड करून एक चित्र! गंमत अशी की, एकच आभाळ त्यांनी निरनिराळ्या समुद्रांवर पसरले. कारागिरी म्हणून ती चित्रे वाखाणावी तेवढी थोडीच; पण साक्षीदार म्हणून उभी केली तर उलटतपासणीत टिकावयाची नाहीत.

पुढे चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी कमीअधिक हळव्या थरांची फिल्म बनविली, आणि १९९७ साली पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनी संगणकाची रीत मांडली. तीत परक्या आभाळाची उसनवारी नाही. एकाच देखाव्याची कमीजास्त प्रकाशातली चित्रे घेऊन प्रत्येक बिंदूपाशी खरा प्रकाश किती होता, याचे गणित करावयाचे. मात्र एवढा प्रकाश कागदावर मावत नाही. तो दाबून बसवावा लागतो, आणि किती दाबावा हे माणूस ठरवितो. फार दाबला की डोंगरामागे देवादिकांसारखे तेजोवलय उमटते व हिरवळ कॅलेंडरातली दिसू लागते.

मुळशीला मी कॅमेरा तिपाईवर ठेवला, भिंगाचे छिद्र व फोकस कायम केले आणि वेळ तेवढा हाताने बदलीत तीन चित्रे घेतली : सेकंदाचा २५० वा, ६० वा आणि १५ वा भाग. दर खेपेस प्रकाश सुमारे चौपट.

येथे मात्र स्थळाचा विचार करावा लागतो. हे सरोवर निसर्गाने दिलेले नव्हे. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही गावे पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करू लागले. अशा जागेचे चित्र नुसते देखणे असून भागत नाही.

माझ्या जोडचित्रात आभाळ आले, झाडी आली, पाण्याकाठची तांबडी माती आली. पण तीन चित्रे घेईतो एक होडी पुढे सरकली होती. हलणाऱ्या वस्तूंची भुते काढून टाकण्याची सोय संगणकात असते. तिने ती होडी सफाईने पुसली. तेव्हापासून जोडचित्राबरोबर मूळची तिन्ही चित्रे, त्यांच्या वेळा नोंदवून, मी जपून ठेवतो. त्यांत आभाळ पांढरे आहे, डोंगर काळा आहे, आणि होडी तीन ठिकाणी आहे.