धर्म, अधिकारपद आणि विश्वस्त

अधिकारपदासाठी विशिष्ट धर्माचे असण्याची अट एके काळी अनेक देशांत रूढ होती. शेजारच्या गोमंतकात पोर्तुगीज अंमलात सोळाव्या शतकात हिंदूंना सरकारी पदांपासून दूर ठेवणारी फर्माने निघाली. (करवसुलीचे मक्ते मात्र हिंदू व्यापाऱ्यांना खुशाल दिले जात!) विलायतेत लायनेल रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ मध्ये पार्लमेंटवर निवडून आले, परंतु शपथेतील ख्रिस्ती श्रद्धेच्या शब्दांमुळे त्यांना १८५८ पर्यंत आसन मिळाले नाही. आपल्या पनवेलला १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही ते सभागृहाबाहेरच होते.

भारतीय राज्यघटनेने १९५० मध्ये ही अट समूळ दूर केली. अनुच्छेद १६ नुसार शासकीय पदासाठी धर्माच्या कारणावरून कोणी अपात्र ठरत नाही. ईश्वराच्या नावे शपथ घेण्याचीही सक्ती नाही. गांभीर्यपूर्वक दृढकथन पुरते. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्या जैन दर्शनाच्या अनुयायांस ही सोय विशेष मोलाची आहे. मात्र याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडाने धार्मिक संस्थेच्या कारभारातील पद त्या धर्माच्या व्यक्तीकडेच असावे, असा कायदा करण्यास मुभा ठेवली.

या मुभेमागील तत्त्वाची कसोटी लवकरच लागली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थेचेही विश्वस्त नेमण्याचा मार्ग खुला केला होता. एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यास आव्हान दिले. उच्च न्यायालयात अपयश आले, तरी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेल्या मार्च १९५४ च्या निर्णयाने, सरकारी अधिकाऱ्याला मंदिराचा किंवा मठाचा प्रमुख करणे हा धर्मव्यवहारात हस्तक्षेप ठरवला. मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असताना निधी दुसरीकडे वळवण्याची तरतूदही रद्द झाली. देवद्रव्याची मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या समाजास यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

तथापि विश्वस्तांना सर्वच मोकळीक मिळाली, असा समज चुकीचा आहे. नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांसंबंधीच्या तरतुदी न्यायालयाने वैध ठरवल्या. धर्मादाय खात्याच्या खर्चासाठीची वर्गणीही, तो कर नसून शुल्क आहे, असे सांगून कायम ठेवली. कारभार धर्मबांधवांच्या हाती राहिला. वह्या मात्र तपासणीस खुल्या राहिल्या.